प्रताधिकाराची सैल दोरी आणि कोरियन पॉप संगीताचा जगप्रवास

महाविद्यालयांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अलीकडे एखादे तरी कोरियन गाणे वाजतेच. सात-आठ विद्यार्थिनींचा गट रंगमंचावर येतो आणि सोलमधील एखाद्या गटाचा नाच पावलापावलाने हुबेहूब सादर करतो. हा नाच शिकवायला कोणी नृत्यशिक्षक आलेला नसतो. तो मोबाइलच्या पडद्यावर पाहून, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून बसवलेला असतो. त्या गाण्याचे आणि चित्रफितीचे हक्क एका कोरियन कंपनीच्या मालकीचे आहेत, याची त्या मुलींना कल्पना नसते. विशेष म्हणजे कंपनीलाही त्यांना अडवायचे नसते. हे ‘न अडवणे’ कोठून आले, कोणाच्या सोयीचे होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या विषयावर एक सोपे उत्तर नेहमी ऐकू येते. कोरियाने इंटरनेटवर कॉपीराइटचा, म्हणजेच प्रताधिकाराचा, आग्रह धरला नाही म्हणून त्याची गाणी जगभर गेली. जपानने तो धरला म्हणून जपान मागे राहिला. आपले विद्यार्थीही परीक्षेत असेच लिहितील. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु काळाचा क्रम नीट लावला तर त्यातील बराचसा भाग गळून पडतो, आणि जे उरते ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

एक जुने उदाहरण

हक्काची अंमलबजावणी नसल्यामुळे गाणे परदेशात लोकप्रिय होणे, ही इंटरनेटच्या युगाची देणगी नव्हे. गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज जोडीचे ‘एच. एम. एस. पिनाफोर’ हे संगीत नाटक मे १८७८ मध्ये लंडनला रंगभूमीवर आले. अमेरिकेच्या कायद्याने त्या काळी परदेशी लेखकांच्या कृतींना संरक्षण नव्हते. ते १८९१ साली मिळाले. परिणामी नोव्हेंबर १८७८ मध्ये बोस्टनला या नाटकाचा विनापरवाना प्रयोग झाला आणि पाहता पाहता अमेरिकाभर अनेक मंडळ्या ते करू लागल्या. मूळ लेखक-संगीतकारांना त्यातून एक छदामही मिळाला नाही, पण त्यांचे नाव मात्र घरोघरी पोहोचले. यावर त्यांनी काढलेला उपाय मोठा बोलका आहे. ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या पुढच्या नाटकाचा पहिला खरा प्रयोग त्यांनी स्वतः समुद्र ओलांडून ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्येच केला. इंग्लंडमधील हक्क शाबूत राहावा म्हणून आदल्या दिवशी पेन्टन या लहान गावी एक नाममात्र प्रयोग उरकून घेतला होता. चोरीने बाजारपेठ तयार झाली आणि मग मालक त्या बाजारपेठेत जाऊन उभा राहिला. कोरियाच्या कथेतही थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसतो.

सोलच्या चोरट्या तबकड्या

ज्या देशाची गाणी आज जग ऐकते, तो देश स्वतः एके काळी परक्यांची गाणी चोरून ऐकत होता. १९६० ते १९८० या दशकांत सोलमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या बनावट तबकड्या सर्रास विकल्या जात. त्यांना तेथे ‘पॅकपान’ म्हणत. सेऊन बाजारसंकुलाच्या परिसरातील दुकाने त्यासाठी प्रसिद्ध होती. लष्करी राजवटीत अनेक गाण्यांवर बंदी असल्याने जे अधिकृतपणे मिळत नसे, ते अशा तबकड्यांवर मिळे. पुढे कोरियन पॉप घडविणाऱ्या पिढीचे कान या चोरट्या मालावरही तयार झाले. जपानी पॉप संगीताला तर कोरियात अधिकृत प्रवेशच नव्हता. ती बंदी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठली. तोवर जपानी गाणीही चोरवाटेनेच येत.

अमेरिकेच्या व्यापारी दडपणाखाली कोरियाने आपला प्रताधिकार कायदा बदलला आणि नवा कायदा जुलै १९८७ पासून अमलात आला. १९९६ साली कोरिया बर्न करारात सामील झाला. म्हणजे ‘कोरियात कायदाच नव्हता’ हे विधान पॉप संगीताच्या उदयकाळापुरते खरे नाही. सो ताइजीचा गट १९९२ साली गाजला, ली सू-मान यांनी एस. एम. एंटरटेनमेंट ही कंपनी १९९५ साली स्थापन केली, एच. ओ. टी. हा तिचा पहिला मोठा गट १९९६ साली आला. तोपर्यंत कायदा होता. नव्हती ती त्याची अंमलबजावणी, आणि तीही सगळीकडे नव्हती असे नाही.

या गटांची गाणी चीनमध्ये पोहोचली ती मुख्यतः बनावट तबकड्यांवरून. फेब्रुवारी २००० मध्ये एच. ओ. टी.ने बीजिंगला कार्यक्रम केला, तेव्हा सभागृहातील तरुण मुलांना गाणी पाठ होती. पुढे ‘हाल्यू’, म्हणजे कोरियन लाट, हा शब्द रूढ झाला तो याच चिनी संदर्भात. कंपनीला तबकड्यांमागे पैसे मिळाले नाहीत, पण तिकीट घेणारा प्रेक्षक तयार मिळाला.

घरची पडझड

याच सुमारास कोरियातील घरचा बाजार मात्र कोसळू लागला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर सरकारने वेगवान इंटरनेटवर भर दिला. २००० साली ‘सोरिबादा’ ही गाण्यांची आपसांत देवाणघेवाण करण्याची सेवा सुरू झाली, आणि ‘बग्ज’सारख्या संकेतस्थळावर गाणी फुकट ऐकता येऊ लागली. न्यायालयाने २००२ साली सोरिबादाविरुद्ध मनाईहुकूम दिला, पण पाणी पुलाखालून वाहून गेले होते. २००० साली सुमारे चारशे अब्ज वॉनची असलेली तबकड्यांची विक्री सात वर्षांत जेमतेम पाचव्या हिश्श्यावर आली.

या पडझडीकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. कोरियन कंपन्या दिलदार होत्या म्हणून त्यांनी हात सैल सोडला असे नव्हे. विकण्यासारखी तबकडीच उरली नव्हती. उत्पन्न जाहिरातीतून, कार्यक्रमांतून, दूरदर्शनवरील हजेरीतून आणि परदेशातून यायचे होते. गाणे हा विक्रीचा माल राहिला नव्हता. ते माल विकणाऱ्याचे बोलावणे झाले होते. बोलावण्याच्या पत्रिकेवर कोणी कॉपीराइट सांगत नाही.

यूट्यूबची कोरियन आवृत्ती जानेवारी २००८ मध्ये आली. लवकरच मोठ्या कंपन्यांनी संपूर्ण गाण्यांच्या चित्रफिती, कोणत्याही देशात पाहता येतील अशा, तेथे ठेवायला सुरुवात केली. पुढे केवळ नाचाच्या सरावाच्याही चित्रफिती आल्या. साधी खोली, साधे कपडे, स्थिर कॅमेरा. त्यातून पावले स्पष्ट दिसत आणि शिकता येत. गमतीची गोष्ट अशी की एप्रिल २००९ मध्ये कोरियन सरकारने खऱ्या नावाची सक्ती केल्यावर यूट्यूबने कोरियातून चित्रफिती चढविण्याची सोयच बंद केली. ज्याला चढवायची असेल त्याने आपला देश दुसरा निवडावा, एवढी पळवाट उरली. कोरियन संगीताचे जागतिक भांडार अशा रीतीने काही काळ कागदोपत्री ‘परदेशात’ होते.

याच काळात जुन्या रिवाजाने अमेरिका जिंकण्याचाही प्रयत्न झाला. वंडर गर्ल्स या गटाने अमेरिकेत मुक्काम ठोकला, तेथील प्रसिद्ध मंडळींच्या दौऱ्यात आधी गाऊन प्रेक्षक मिळविले, ‘नोबडी’ हे आपले गाणे इंग्रजीत केले. ऑक्टोबर २००९ मध्ये ते बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत ७६ व्या क्रमांकावर पोहोचले. कोरियन कलावंतांसाठी ते पहिलेच यश होते, पण पुढे सरकले नाही. उलट फ्रान्समध्ये कोणी फारसे गेलेच नव्हते. तेथे दुकानांत कोरियन तबकड्या सहजी मिळत नसत. तरीही २०११ साली पॅरिसमध्ये एस. एम. कंपनीच्या कलावंतांच्या कार्यक्रमाची तिकिटे काही मिनिटांत संपली, आणि आणखी एक प्रयोग व्हावा म्हणून तरुण चाहत्यांनी मे महिन्यात लूव्र संग्रहालयासमोर सामूहिक नाच केला. जूनमध्ये दुसरा प्रयोग झाला. ही मुले नाच पडद्यावरूनच शिकली होती.

‘गंगनम स्टाइल’: समज आणि वस्तुस्थिती

साई या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ १५ जुलै २०१२ रोजी यूट्यूबवर आले आणि २१ डिसेंबर २०१२ रोजी शंभर कोटी वेळा पाहिले गेलेली पहिली चित्रफीत ठरले. अमेरिकन यादीत ते सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिले. २०१४ साली पाहणाऱ्यांचा आकडा इतका वाढला की यूट्यूबला मोजणीची मर्यादाच वाढवावी लागली. सैनिक, कैदी, विद्यार्थी, पुढारी, अशा असंख्य लोकांनी या गाण्याच्या नकला करून चित्रफिती चढविल्या. साईने कॉपीराइट सोडून दिला म्हणून हे घडले, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले आणि अजूनही लिहिले जाते.

‘सोडून दिला’ हा शब्द येथे फसवा आहे. यूट्यूबने २००७ पासून आशय ओळखण्याची एक यंत्रणा उभी केली होती. हक्कदार आपल्या गाण्याची मूळ प्रत यंत्रणेकडे जमा करतो. कोणीही ते गाणे वापरून चित्रफीत चढविली की यंत्रणा ती ओळखते. मग हक्कदारासमोर तीन वाटा असतात: चित्रफीत बंद करणे, नुसती नजर ठेवणे, किंवा तिच्यावर जाहिरात लावून तिचे उत्पन्न आपल्याकडे वळविणे. तिसरी वाट घेणाऱ्यासाठी प्रत्येक नक्कल ही नुकसान नसून उत्पन्न असते. गूगलचे तत्कालीन अधिकारी निकेश अरोरा यांनी जानेवारी २०१३ मध्ये सांगितले की या एका चित्रफितीने यूट्यूबवर सुमारे ८० लाख डॉलर मिळविले होते. हक्क सोडणाऱ्याच्या गाण्याचा असा हिशेब निघत नाही. न अडवणे हीदेखील अंमलबजावणीचीच एक तऱ्हा झाली होती.

दुसरी शंका साधी आहे. साई २००१ पासून गात होता आणि त्याच्या आधीच्या गाण्यांवरही इंटरनेटवर कोणी पहारा ठेवलेला नव्हता. ती परदेशात गेली नाहीत. त्याच वर्षी चढविलेली इतर शेकडो गाणीही तशीच मोकळी होती आणि तीही गेली नाहीत. तेव्हा सैल अंमलबजावणी ही वाट मोकळी करते. वाटेवर कोण चालेल हे ती ठरवीत नाही. विनोद, सहज करता येणारा नाच, वर्षानुवर्षे जमलेले चाहते आणि थोडा योगायोग यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

याच रीतीची दुसरी बाजू काही महिन्यांतच दिसली. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्डने यूट्यूबवरील प्रेक्षकसंख्या आपल्या यादीत धरायला सुरुवात केली आणि हजारो हौशी चित्रफितींच्या बळावर बावर या अमेरिकन संगीतकाराचे ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर आले. तेव्हा कळले की त्यात ज्यांचे आवाज कापून घेतले होते त्यांची परवानगीच घेतलेली नव्हती. एका माजी गायकाला आपला आवाज जगभर वाजत असल्याचे गाणे गाजल्यावर समजले.

जपानचे दार

जपानची बाजारपेठ अमेरिकेखालोखाल जगात दुसरी. तेथे तबकड्यांच्या किमती उत्पादक ठरवून देऊ शकतात, आणि चाहते एकाच गाण्याच्या अनेक प्रती घेतात. हरवण्यासारखे पुष्कळ असलेल्याने दाराला कुलूप लावले, यात नवल नाही. यूट्यूबवर गाण्याचा अर्धाच तुकडा ठेवायचा, तोही बाहेरच्या देशांत दिसू द्यायचा नाही, ही तेथील रीत होती. जॉनीज या बलाढ्य संस्थेच्या कलावंतांची छायाचित्रेसुद्धा इंटरनेटवर वापरता येत नसत. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्यांच्यापैकी कोणी असेल तर ऑनलाइन दुकानात त्या जागी राखाडी आकृती दिसे. ही बंदी २०१८ पासून सैल झाली, आणि आराशी या त्यांच्या गटाने यूट्यूबवर पाऊल टाकले ते २०१९ साली. दरम्यान ऑक्टोबर २०१२ पासून जपानमध्ये बेकायदा गाणे उतरवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस लाख येनपर्यंत दंड अशी तरतूद अमलात आली. त्याच महिन्यात ‘गंगनम स्टाइल’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होते. इतिहासात असे योगायोग अभ्यासकाला मोहात पाडतात. त्यावरून कार्यकारण जोडताना जपून राहावे लागते.

कारण याच जपानचे संगीत १९९० च्या दशकात तैवान, हाँगकाँग येथे बनावट तबकड्यांवरून गाजत होते. शिवाय ज्या कोरियन कंपन्या जगाला गाणी मोकळी दाखवीत होत्या, त्याच जपानमध्ये जपानी रीतीने तबकड्या विकत होत्या. बोआ या कोरियन गायिकेचा संग्रह २००२ साली जपानी यादीत अव्वल ठरला, तो जपानी भाषेत गाऊन आणि जपानी दुकानांतून विकून. जेथे बाजार होता तेथे कुलूप, जेथे बाजार नव्हता तेथे उघडे दार. यात कोरियन किंवा जपानी स्वभाव शोधू नये. दोन्हीकडे व्यापाराचाच हिशेब होता.

घरात कडक, बाहेर सैल

कोरियाच्या स्वतःच्या कायद्याकडे वळले की चित्र आणखी बदलते. जुलै २००९ मध्ये, म्हणजे कंपन्या यूट्यूबवर चित्रफिती मांडत होत्या नेमक्या त्याच काळात, कोरियाने वारंवार उल्लंघन करणाऱ्याचे इंटरनेट खाते काही महिने बंद करण्याची तरतूद असलेला कडक कायदा लागू केला. त्याच वर्षी अमेरिकेने कोरियाला आपल्या देखरेख यादीतून प्रथमच वगळले. कायद्याच्या पुस्तकात कोरिया तेव्हा आशियातील कठोर देशांपैकी होता.

याचा फटका कोणाला बसला हे दोन खटल्यांतून दिसते. एका वडिलांनी आपली पाच वर्षांची मुलगी सोन दाम-बी या गायिकेचे गाणे गुणगुणत नाचतानाची छोटी चित्रफीत इंटरनेटवर ठेवली. संगीत हक्क संघटनेने ती काढायला लावली. वडील न्यायालयात गेले आणि २०१० साली सोलच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. दुसरा खटला सीक्रेट या गटाच्या ‘शाय बॉय’ गाण्याच्या नृत्यरचनेचा. नृत्य शिकवणाऱ्या एका संस्थेने ती रचना वर्गात शिकवली; रचनाकाराने दावा लावला आणि २०११-१२ मध्ये न्यायालयांनी नृत्यरचनेलाही संरक्षण असल्याचे मान्य केले. सोलमधील नृत्यवर्गाने तीच पावले शिकवली तर भरपाई, आणि पॅरिसच्या चौकात शंभर मुलांनी केली तर अभिमानाची बातमी. मात्र या दुसऱ्या खटल्यात मला रचनाकाराची बाजू सहज झटकून टाकता येत नाही. गाणे गाजले तर कंपनीला जाहिरात मिळते, कार्यक्रम मिळतात. पावले रचणाऱ्याला यातले काही मिळेलच असे नाही. त्याच्या हाती हक्क तेवढा असतो.

आपल्याकडील दाखला

आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेटच्या रूपाने हाच अनुभव येऊन गेला आहे. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ५२(१)(ञ) चा आधार घेऊन टी-सीरिजने जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की या स्वस्त कॅसेटच्या लाटेत प्रादेशिक आणि लोकसंगीतालाही बाजार मिळाला. मात्र पाय रोवल्यावर याच कंपनीने २००७ साली यूट्यूबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि २०१९ साली तिची वाहिनी यूट्यूबवर सर्वाधिक वर्गणीदारांची ठरली. २०१२ च्या दुरुस्तीने नव्या गायकांकडून गाऊन घेण्याची वाट बरीच अरुंद केली. आता मूळ गाणे आल्यावर पाच वर्षे थांबावे लागते.

कोरियन संगीताचा भारतातील पहिला मोठा श्रोता मात्र महाराष्ट्र-गोव्यात नव्हता, तो मणिपुरात होता. २००० साली तेथील एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. रिकाम्या जागेत केबलवरील कोरियन वाहिनी आणि म्यानमार सीमेवरून येणाऱ्या बनावट तबकड्या शिरल्या. यूट्यूबची कोरियन आवृत्ती यायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता.

फुकटचे हात

सैल दोरीच्या या व्यवहारात जगभरच्या चाहत्यांनी जे काम केले त्याची मजुरी कोणी धरली नाही. कोरियन शब्दांचे इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, इंडोनेशियन भाषांतर करून चित्रफितींखाली जोडणे हे रात्ररात्र चालणारे काम होते. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने विनापरवाना भाषांतर हे उल्लंघनच. कंपन्यांनी त्याकडे डोळेझाक केली, कारण ते पैसे देऊन करवून घेणे परवडले नसते. स्वतः कलावंतही फार सुखात होते असे नाही. तोंगबांगशिन्गी या गटातील तिघांनी जुलै २००९ मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच महिन्यात कोरियाच्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा असलेला नमुना करार जाहीर केला. गाण्यावरची दोरी सैल होती, गाणाऱ्यावरची नव्हती.

बी. टी. एस. हा गट २०१३ साली एका लहान कंपनीतून आला आणि चाहत्यांच्या या भाषांतराचा लाभ त्याच्याइतका क्वचितच कोणाला झाला. मे २०१८ मध्ये त्यांचा कोरियन भाषेतील संग्रह अमेरिकन संग्रहांच्या यादीत पहिला आला. बाजारपेठ तयार झाल्यावर दारे हळूहळू ओढून घेण्यात आली. २०१९ साली कंपनीने ‘वीव्हर्स’ हे स्वतःचे व्यासपीठ काढले आणि काही मजकूर वर्गणीदारांसाठी राखून ठेवला. पुढच्या वर्षी गटाने ‘डायनामाइट’ हे पहिले संपूर्ण इंग्रजी गाणे काढले. ५ सप्टेंबर २०२० च्या यादीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला यूट्यूबने प्रेक्षकांनी उपशीर्षके जोडण्याची सोय कायमची बंद केली, आणि १५ ऑक्टोबर रोजी बी. टी. एस.च्या कंपनीचे समभाग सोलच्या बाजारात विक्रीला आले.